आकड्यांच्या रकान्यांसाठी टू-वे डेटा बाइंडिंग : चार वर्षं वापरल्यानंतरचा अभिप्राय

मी दवाखान्यांत वापरायच्या एका ॲपवर काम करते. त्यात सिस्टर पेशंटचं वजन, उंची, ताप, नाडी भरतात. लसी ठेवलेल्या फ्रीजरचं तापमानही त्यातच नोंदवलं जातं. म्हणजे ॲपमध्ये मजकुराचे रकाने मोजके आणि आकड्यांचे ढीगभर. टू-वे बाइंडिंग म्हणजे पडद्यावरचा रकाना आणि त्यामागे ॲपने ठेवलेलं मूल्य (मॉडेल) एकमेकांना आपोआप बांधून ठेवणं. त्याबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात उदाहरण बहुतेक वेळा नावाच्या रकान्याचं असतं. नावाच्या रकान्याला ते सुरेखच चालतं. आकड्यांचं काय होतं हे मला चार वर्षांत कळलं, ते इथे लिहिते.

सुरुवात अँड्रॉइडच्या डेटा बाइंडिंग लायब्ररीपासून, कारण तिच्यासोबत सर्वांत जास्त दिवस काढलेत. ती २०१५ साली आली आणि टू-वे त्यानंतरच्या वर्षात. एकेरी बाइंडिंगमध्ये लेआउटच्या फाइलीत @ चिन्हानंतर महिरपी कंस येतो. मधे बरोबरचं चिन्ह घातलं की तेच दुहेरी होतं. मॉडेल बदललं की रकाना बदलतो, रकान्यात टाइप केलं की मॉडेल बदलतं. बदलांवर नजर ठेवणारे लिसनर लिहायला नको, टेक्स्टवॉचर नको. पहिल्या आठवड्यात मी दोन स्क्रीनमधला दीडशे-दोनशे ओळींचा कोड पुसला आणि फार खूश झाले. ती खुशी खोटी नव्हती. मजकूर, चेकबॉक्स, स्विच, रेटिंगबार यांच्यासाठी ही लायब्ररी आजही मला आवडते.

आकड्याला हात लावला की पहिला झटका लगेच बसतो. पूर्णांक थेट टेक्स्टच्या ॲट्रिब्यूटला बांधला तर ॲप क्रॅश होतं. रिसोर्स सापडला नाही, असं लॉगमध्ये दिसतं. कारण सरळ आहे. टेक्स्टव्ह्यूच्या सेटटेक्स्टला पूर्णांक दिला की तो त्याला ॲपमध्ये साठवलेल्या स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, रिसोर्स आयडी समजतो. ६२ नंबरची स्ट्रिंग शोधायला जातो, ती नसते, संपलं. हा बग मला त्रासदायक वाटत नाही, कारण तो पहिल्याच रनला तोंडावर येतो. टेस्टरपर्यंतही पोचत नाही.

त्यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे : रिकामी स्ट्रिंग अधिक आकडा. लायब्ररी हे जोडकाम उलटं करायलाही शिकलेली आहे. म्हणजे मॉडेलमधल्या ६२ ची स्ट्रिंग करून दाखवते आणि टाइप केलेल्या स्ट्रिंगचा परत पूर्णांक करून मॉडेलमध्ये ठेवते. एका ओळीत काम होतं, डेमो छान दिसतो, कोड रिव्ह्यूत कोणी हरकत घेत नाही. आमच्याकडेही कोणी घेतली नाही.

आता त्या रकान्यात नेमकं काय घडतं ते सावकाश बघा. वजनाच्या रकान्यात मागच्या वेळचे ६२ आधीच भरलेले आहेत. आज पेशंटचं वजन घेतलेलं नाही, म्हणून सिस्टर रकाना रिकामा करतात. बॅकस्पेस एकदा दाबला : रकान्यात ६, मॉडेलमध्येही ६. बॅकस्पेस परत दाबला : रकाना रिकामा. आता रिकाम्या स्ट्रिंगचा पूर्णांक करायचा आहे, तो होत नाही. लायब्ररीने तयार केलेल्या कोडमध्ये पार्स (मजकुरातून आकडा काढणं) नावाचं एक फंक्शन वापरलेलं असतं. त्याला दोन गोष्टी मिळतात, स्ट्रिंग आणि पर्यायी मूल्य. स्ट्रिंग पार्स झाली नाही तर ते गुपचूप पर्यायी मूल्य परत करतं, आणि ते मूल्य म्हणजे मॉडेलमध्ये आत्ता असलेला आकडा. इथे ६. मॉडेलला ६ च्या जागी ६ मिळाले, बदल झालाच नाही, म्हणून ऑब्झर्व्हेबलइंट (बदल कळवणारा पूर्णांक) कोणाला कळवतही नाही. पडद्यावर रिकामा रकाना, मॉडेलमध्ये ६. सिस्टरांनी सेव्ह दाबलं आणि बासष्ट किलोच्या माणसाच्या नावावर सहा किलो वजन चढलं.

आमच्याकडे हे खरंच घडलं. किमान वजनाची अट आम्ही घातलेली नव्हती, कारण तान्ह्या बाळांची नोंदही त्याच फॉर्ममध्ये होते आणि बाळासाठी सहा किलो अगदी बरोबर वजन आहे. सर्व्हरला काही खटकलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आलेख उघडला तर रेघ थेट खड्ड्यात गेलेली. त्यांचा फोन आला, "मॅडम, हा पेशंट महिन्याभरात छप्पन्न किलो उतरला असं तुमचं ॲप म्हणतंय. माझ्यासमोर बसलाय, ठणठणीत आहे." वजनावरून औषधाची मात्रा सुचवायची सोय आमच्या पुढच्या रिलीजमध्ये येणार होती. ते आठवून मला त्या रात्री झोप लागली नाही. लायब्ररीने जे करायचं कबूल केलं होतं तेच केलं. पूर्णांकाच्या प्रकारात 'माहीत नाही' असं लिहायला जागाच नसते, आणि तो प्रकार आम्ही निवडला होता. चूक आमची.

महिनाभराने मागणी आली की वजन दशांशात हवं. पूर्णांकाच्या जागी डबल (दशांश आकड्याचा प्रकार) टाकला, बाकी ओळ तशीच ठेवली. टेस्टर ताईंनी दहा मिनिटांत फोन परत आणून दिला आणि म्हणाल्या, "साडेबारा टाइप करून दाखव."

मी टाइप केलं. १ दाबला. मॉडेलमध्ये १.० गेलं, मॉडेल बदललं म्हणून रकान्यालाही १.० मिळालं. रकान्यातला मजकूर "१" आणि नवा "१.०" वेगळे, म्हणून सेटटेक्स्ट झालं, आणि सेटटेक्स्ट झालं की कर्सर सुरुवातीला जातो. आता २ दाबला तर तो एकाच्या आधी पडला : २१.०. मग टिंब दाबलं, पण रकान्यात टिंब आधीच आहे, त्यामुळे दशांशाचा कीपॅड दुसरं घेत नाही. मग ५ दाबला : २५१.०. साडेबारा टाइप करणाऱ्या माणसाला दोनशे एक्कावन्न दिसतात, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. सावकाश, एकेक कळ बघत टाइप केलं तर प्रत्येक पायरी दिसते. भराभर टाइप करणाऱ्याला फक्त शेवटचा आकडा दिसतो, तोही दिसला तर. सिस्टरांच्या एका हातात फोन असतो, दुसऱ्या हातात पेशंटचा हात.

लायब्ररीत पुनरावृत्ती थांबवायची सोय आहे, ती नाही असं कोणी समजू नये. जुना मजकूर आणि नवा मजकूर सारखा असेल तर सेटटेक्स्ट होत नाही, नाहीतर मॉडेल आणि रकाना एकमेकांना अखंड हाका मारत बसले असते. पण ती तुलना मजकुराची आहे, किमतीची नाही. "१" आणि "१.०" ही एकच किंमत आहे हे तिला कळत नाही. आमची दुरुस्ती नेमकी तिथेच झाली. स्वतःचा बाइंडिंग ॲडॉप्टर, म्हणजे मूल्य रकान्यात कसं घालायचं ते सांगणारा कोड, लिहिला. मॉडेलकडून नवं मूल्य आलं की आधी रकान्यातला सध्याचा मजकूर पार्स करायचा, आणि किंमत तीच असेल तर रकान्याला हात लावायचा नाही. सोबतच्या इनव्हर्स (उलट दिशेच्या) ॲडॉप्टरमध्ये रिकाम्या स्ट्रिंगसाठी नल ('मूल्य नाही') परत करायचं, आणि मॉडेलमधला प्रकार नल चालणारा डबल ठेवायचा. दोन्ही मिळून तीसेक ओळी. ज्यांना ही लायब्ररी सोडता येत नाही त्यांनी एवढं तरी कराच. "१२." असं अर्धवट टाइप केलेलं टिंब शाबूत राहतं, कर्सर जागचा हलत नाही आणि रिकामं ते रिकामंच सेव्ह होतं.

मोठ्या आकड्यांची एक गंमत याच वाटेवर भेटली. जावात एक कोटीचा डबल स्ट्रिंगमध्ये बदलला तर १.०, मग ई हे अक्षर, मग ७ असा वैज्ञानिक पद्धतीचा मजकूर मिळतो. वजनात एवढा आकडा येणार नाही, पण प्रयोगशाळेच्या अहवालात पेशींची संख्या येते. बघून सिस्टरांनी विचारलं, "हा ई कुठून आला?" विचारणारच.

आयफोनच्या बाजूला स्विफ्टयूआय ही ॲपलची पडदे बांधायची चौकट आहे, २०१९ पासूनची. त्यात बाइंडिंग ही बाहेरून आणलेली लायब्ररी नाही, त्या चौकटीच्याच हाडात आहे. डॉलरचं चिन्ह लावून स्टेट (पडद्यामागचं मूल्य) दिली की टेक्स्टफील्ड बांधलं गेलं. सुरुवातीच्या आवृत्तीत आकड्यांसाठी फॉर्मॅटर द्यावा लागायचा, आणि मूल्य टाइप करताना न बदलता नोंद पक्की केल्यावर, म्हणजे रिटर्न दाबल्यावर बदलायचं. एका परीने हे शहाणपणाचं होतं, कारण अर्धवट आकड्याशी कोणी झोंबत नव्हतं. पण आकड्यांच्या कीपॅडवर रिटर्नची कळच नसते! वापरणाऱ्याने पक्कं करायचं कसं? आयओएस १५ मध्ये कीबोर्डच्या वर टूलबार लावायची सोय आली, तेव्हा तिथे 'झालं' असं बटण ठेवून आम्ही सुटलो.

त्याच आयओएस १५ मध्ये व्हॅल्यू आणि फॉर्मॅट घेणारं टेक्स्टफील्ड आलं, २०२१ साली. आजवर वापरलेल्या तयार सोयींमध्ये मला सगळ्यात पटलेली हीच. तिचे दोन प्रकार आहेत आणि फरक कागदपत्रांत स्पष्ट लिहिलाय. साधा डबल बांधला आणि मजकूर पार्स झाला नाही, तर बांधलेलं मूल्य जसंच्या तसं राहतं, म्हणजे पुन्हा तेच सहा किलो. ऑप्शनल (मूल्य नसलं तरी चालणारा) डबल बांधला तर मूल्य निल, म्हणजे स्विफ्टमधलं नल, होतं. मी एवढंच सांगेन : ऑप्शनलच बांधा. दोन ओळी दिसायला सारख्या असतात, फरक एका प्रश्नचिन्हाचा असतो, पण रिकाम्या रकान्याचं काय होणार हे तेच प्रश्नचिन्ह ठरवतं. आमच्या टीममध्ये आता रिव्ह्यू करताना आकड्याच्या रकान्यामागे ते दिसलं नाही तर कोड पुढे जात नाही.

स्विफ्टयूआयबद्दलची एक तक्रार मात्र राहते आणि ती कीपॅडची आहे. दशांशाच्या कीपॅडवर उणे चिन्ह नाही. फ्रीजरचं तापमान उणे वीस असतं, ते टाइप कसं करणार? आम्ही आधी आकडे-आणि-चिन्हांचा मोठा कीबोर्ड लावून बघितला. हातमोजे घातलेल्या माणसाला त्यावरच्या बारीक कळा सापडेनात. शेवटी रकान्याशेजारी अधिक-उणे असं मोठं बटण ठेवलं. ते बटणही बाइंडिंगलाच जोडायचं म्हटल्यावर नवा प्रश्न आला : रकाना रिकामा असताना उणे दाबलं तर मॉडेलमध्ये काय ठेवायचं? नुसतं उणे चिन्ह हा आकडा नाही, आणि उणे शून्य दाखवलं की लोक बिचकतात.

या अर्धवट अवस्थांचा नीट विचार केलेला मला एका ठिकाणी सापडला. मायक्रोसॉफ्टच्या झामरिन फॉर्म्स या मोबाइल चौकटीच्या बाइंडिंगच्या कोडमध्ये यासाठी मुद्दाम अट होती. दशांश प्रकाराला बांधलेला मजकूर टिंबावर संपत असेल तर त्याचा आकडा करायचाच नाही, कारण माणूस अजून टाइप करतोय. नुसतं "-०" असेल तरी थांबायचं, पुढे बहुधा टिंब येणार आहे. कुणीतरी बग नोंदवला आणि कुणीतरी तो वापरणाऱ्याच्या बोटांचा विचार करून सोडवला, हे त्या चार ओळी वाचताना जाणवतं. झामरिनचा अधिकृत सपोर्ट १ मे २०२४ ला संपला, पण त्याच्या जागी आलेल्या डॉटनेट माउईमध्ये हा वारसा पुढे आलाय.

अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोजला आणि गूगलच्या फ्लटरला (दोन्ही पडदे बांधायच्या चौकटी) मी एकत्र बसवते, कारण दोघांत या अर्थाचं टू-वे बाइंडिंग नाहीच. कंपोजची स्थिर आवृत्ती २०२१ च्या जुलैमध्ये आली. टेक्स्टफील्डला स्ट्रिंग द्यायची, बदल झाला की तो तुम्हाला नवी स्ट्रिंग देतो, पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. फ्लटरमध्ये टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर असतो, तोही स्ट्रिंगच सांभाळतो. सुरुवातीला मला हे मागे गेल्यासारखं वाटलं. तेच काम परत हाताने करायचं? आता वाटतं, आकड्यांसाठी हाच बांधा योग्य आहे. माणूस टाइप करतो तो मजकूर असतो. "१२." हा मजकूर आहे, "-" हा मजकूर आहे, रिकामं हाही मजकूर आहे. त्यांचा आकडा करायचा क्षण आपण निवडायचा, रकान्याने नव्हे. कंपोजमध्ये मी व्ह्यूमॉडेलमध्ये स्ट्रिंगच ठेवते आणि तिच्यावरून नल चालणारा आकडा काढते. रकान्याला आकडा कधीच परत पाठवत नाही. कर्सर उडण्याचा प्रश्नच मिटतो, कारण जे टाइप केलं तेच परत येतं.

एक सावधगिरी : बदलाच्या कॉलबॅकमध्येच आकडा पार्स करून, फॉर्मॅट करून स्टेटमध्ये ठेवला, तर कंपोजमध्येही तुम्ही हाताने तोच साडेबारा-दोनशे एक्कावन्नचा खेळ उभा करता. नव्या मुलांकडून हे दर दोन-तीन महिन्यांनी होतंच.

आता आकड्यांच्या लिपीबद्दल, कारण मराठीत फोन वापरणाऱ्यांना हे सर्वांत जास्त नडतं. वर मी आकडे देवनागरीत लिहिले असले तरी कीपॅडवरून येतात ते इंग्रजी. पण फोनची भाषा मराठी असेल तर जावाचं स्ट्रिंग फॉर्मॅट, लोकेल (भाषा-प्रदेश) न सांगता वापरलं तर, देवनागरी आकडे लिहितं. आमच्या ॲडॉप्टरमध्ये वजन दोन दशांशांपर्यंत दाखवायला नेमकं तेच वापरलेलं होतं. दाखवताना छान देवनागरी आकडे आले. परत पार्स करताना डबलच्या पार्सरने ते नाकारले, त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की पूर्णांकाचा पार्सर देवनागरी आकडे आनंदाने घेतो, कारण तो युनिकोडमधला कुठलाही अंक ओळखतो. म्हणजे नाडीचा रकाना चालत होता आणि वजनाचा बंद पडत होता, एकाच स्क्रीनवर, आणि तेही फक्त मराठी फोनवर. आमचे सगळे टेस्ट फोन इंग्रजीत होते. दोन दिवस गेले शोधायला. अरबी भाषेतल्या फोनवरही हाच अनुभव येऊ शकतो. स्विफ्टचा साधा पूर्णांक तर देवनागरी आकड्यांना सरळ निल म्हणतो, निदान तिथे दुजाभाव नाही.

आणि स्वल्पविराम. जर्मन पद्धतीत साडेबारा लिहिताना टिंबाच्या जागी स्वल्पविराम येतो. जावातल्या अमेरिकन इंग्रजीच्या नंबरफॉर्मॅटला "१२,५" दिलं तर तो स्वल्पविरामाला गटाचं चिन्ह समजतो आणि १२५ परत करतो. चूक नाही, अपवाद नाही, दहापट आकडा. नंबरफॉर्मॅटची आणखी एक सवय अशी की सुरुवातीचा भाग पार्स झाला की तो समाधानी असतो, मागे काय उरलं ते बघत नाही. म्हणून पार्सपोझिशन (कुठपर्यंत वाचलं त्याची खूण) द्यायची आणि ती मजकुराच्या शेवटपर्यंत पोचली का ते तपासायचं. अँड्रॉइडमध्ये एपीआय २६ (अँड्रॉइड ८) पासून डिजिट्सकीलिसनरला, म्हणजे रकान्यात कोणती चिन्हं चालतील ते ठरवणाऱ्या भागाला, लोकेल देता येतं, म्हणजे रकाना निदान त्या भाषेचं दशांश चिन्ह स्वीकारतो. त्याआधीच्या फोनवर फक्त टिंब.

साठवताना डबलही मी आता टाळते. शून्य दशांश एक अधिक शून्य दशांश दोनचं सुप्रसिद्ध उत्तर बहुतेकांनी पाहिलेलं आहे, डबलमध्ये ते नेमकं शून्य दशांश तीन येत नाही. बिगडेसिमल (दशांश नेमके ठेवणारा प्रकार) वापरा, विषय संपला.

कोणी मला विचारलं की घ्यावं का, तर उत्तर रकान्यावर आहे. सेटिंग्जच्या स्क्रीनसाठी, नाव-पत्त्यासाठी, होय-नाहीच्या स्विचसाठी टू-वे बाइंडिंग डोळे झाकून घ्या, पाचपैकी पाच. आकड्यांसाठी अँड्रॉइडची लायब्ररी जशीच्या तशी वापरली तर पाचपैकी दीड, आणि वर सांगितलेले दोन ॲडॉप्टर लिहून वापरली तर साडेतीन. स्विफ्टयूआयचा ऑप्शनल प्रकार चार, अर्धा-एक गुण कीपॅडने घालवला. कंपोजमध्ये स्ट्रिंग ठेवून केलेलं हातकाम साडेचार. त्यात कोड जास्त लिहावा लागतो, ते खरं. पण रिकाम्या रकान्याचं काय झालं हे मी तो कोड उघडून बोट ठेवून दाखवू शकते.

आमच्या ॲपमध्ये जुन्या पद्धतीच्या दोन स्क्रीन अजून शिल्लक आहेत, रक्तदाबाची आणि फ्रीजरची. रक्तदाबाच्या वरच्या आकड्याला मी काल १२० भरून सगळं पुसून पाहिलं. सेव्ह केल्यावर १ गेला. ती या आठवड्यात बदलतेय, फ्रीजरची त्यानंतर.